मोजलेली कोंडी : लॉस एंजेलिस काउंटी, १९१९ ते १९४०

लॉस एंजेलिसच्या वाहतूक कोंडीची एक बखर जगभर सांगितली जाते. तिथे एके काळी उत्तम ट्रॅम होत्या. जनरल मोटर्सने तेल आणि टायरच्या कंपन्यांशी संगनमत करून त्या विकत घेतल्या, रूळ उखडले आणि लोकांना मोटारी घ्यायला भाग पाडले. १९७४ साली अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीकडे काम करणाऱ्या ब्रॅडफर्ड स्नेल या वकिलाने तिच्यापुढे एक निवेदन मांडले. त्यातून या कथेला बळ मिळाले, आणि १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. बखरीत असतो तसा हिच्यातही खऱ्याचा अंश आहे. १९४९ साली या कंपन्यांना खरोखरच शिक्षा झाली. पण कोंडी केव्हा सुरू झाली, ट्रॅम केव्हा मागे पडली आणि तिला मागे टाकण्याचा निर्णय कोणी घेतला, याची उत्तरे बखरीत नाहीत. ती त्या काळच्या दफ्तरात आहेत, आणि दफ्तराची तारीख बखरीच्या तारखेहून पाव शतक आधीची आहे.

हे दफ्तर भरघोस आहे. मोटारींच्या नोंदणीचे आकडे आणि दर दहा वर्षांची जनगणना आहे. एप्रिल १९२० चा पार्किंगबंदीचा नियम आणि त्यावरची वर्तमानपत्रे आहेत. १९२४ चा रस्त्यांचा मोठा आराखडा, १९२५ चा जलद वाहतुकीचा अहवाल, १९२६ मधला सिटी क्लबचा अहवाल आणि त्याच वर्षीच्या मतदानाचा कौल आहे. १९२४ आणि १९३१ साली शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या माणसांची आणि वाहनांची मोजणी झाली, तिचे निष्कर्ष आहेत. पुढे काउंटीच्या प्रादेशिक नियोजन आयोगाचे अहवाल आणि १९३७ चे ऑटोमोबाइल क्लबचे सर्वेक्षणही आहे. यातला प्रत्येक कागद कोणीतरी कशासाठी तरी लिहिलेला आहे. ऑटोमोबाइल क्लब मोटारवाल्यांचा होता, ट्रॅम कंपन्यांना तोटा दाखवायचा होता, व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक टिकवायचे होते. म्हणून एकाच कागदावर विसंबून चालत नाही. निरनिराळ्या हितसंबंधांचे कागद जिथे एकच गोष्ट सांगतात, तिथे पाय रोवता येतो.

माणसे आणि मोटारी

आधी जनगणना पाहू. १९२० साली लॉस एंजेलिस काउंटीत ९,३६,४५५ माणसे होती. १९३० साली ती २२,०८,४९२ झाली. दहा वर्षांत लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. यापैकी लॉस एंजेलिस शहरात १९२० साली ५,७६,६७३ आणि १९३० साली १२,३८,०४८ लोक राहत होते. म्हणजे १९३० साली काउंटीतली दहापैकी चारांहून अधिक माणसे शहराच्या हद्दीबाहेर होती. लाँग बीच, पॅसाडीना, ग्लेनडेल, सांता मोनिका ही स्वतंत्र नगरे होती आणि प्रत्येकाचे रस्ते, नियम आणि नगरपरिषद निराळी होती. चार हजार चौरस मैलांच्या या प्रदेशात कोंडीचा प्रश्न एकट्या शहराचा राहणे शक्यच नव्हते. डिसेंबर १९२२ मध्ये काउंटीने प्रादेशिक नियोजन आयोग नेमला. अमेरिकेत काउंटीच्या पातळीवरचा असा आयोग त्याआधी झाला नव्हता. एका नगराचा रुंद रस्ता दुसऱ्या नगराच्या वेशीवर जाऊन अरुंद होतो किंवा संपतोच, या रोजच्या कटकटीने आयोगाचे बरेचसे काम व्यापले होते.

आता मोटारी. १९१५ साली काउंटीत सुमारे ५५ हजार मोटारी होत्या. १९१९ साली नोंदणी १ लाख ४१ हजारांवर गेली आणि १९२९ साली ७ लाख ७७ हजारांवर. माणसे सव्वादोन-अडीच पट होत असताना मोटारी साडेपाच पट झाल्या. नोंदणीचे आणि जनगणनेचे वर्ष अगदी एक नाही, त्यामुळे भागाकार ढोबळच राहील. तरी चित्र स्पष्ट आहे. दशकाच्या सुरुवातीला साडेसहा माणसांमागे एक मोटार होती, अखेरीस तीन माणसांमागे एक. ही सारी वाढ १९२९ च्या मंदीपूर्वीची, म्हणजे बखरीतले खलनायक रंगमंचावर येण्याआधीची आहे.

इतक्या मोटारी जायच्या कुठे? शहराचा व्यापारी मध्यभाग चिंचोळा होता. पश्चिमेला बंकर हिलची टेकडी, पूर्वेला नदी आणि तिच्या काठाने रेल्वेची मोठाली यार्डे. मध्ये ब्रॉडवे, स्प्रिंग, मेन आणि हिल या उत्तर-दक्षिण रस्त्यांवर बँका, दुकाने, नाट्यगृहे, कचेऱ्या सगळे एकवटलेले. टेकडीखालून बोगदे काढावे लागले. तिसऱ्या रस्त्याचा बोगदा १९०१ चा, दुसऱ्या रस्त्याचा १९२४ चा. याच रस्त्यांवर दोन ट्रॅम कंपन्यांचे रूळ होते. लॉस एंजेलिस रेल्वेच्या पिवळ्या गाड्या साडेतीन फुटी अरुंद रुळांवर शहरात फिरत. पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या रुंद रुळांवरून काउंटीभर, समुद्रापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जात. मेन स्ट्रीटवर दोन्ही मापांचे रूळ एकाच रस्त्यात बसवलेले होते. दूरच्या गावाहून मोकळ्या रानातून भरधाव आलेली लाल गाडी शेवटच्या मैलात मोटारींच्या रांगेत अडकून मुंगीच्या पावलाने पुढे सरके.

एप्रिल १९२०

या दफ्तरातले सर्वांत बोलके पान एप्रिल १९२० चे आहे. लॉस एंजेलिस रेल्वेचा जमाखर्च तपासताना कॅलिफोर्नियाच्या रेल्वे आयोगाचे लक्ष रस्त्यांकडेही गेले होते. ट्रॅम वेळेवर धावत नाही, कारण तिच्या वाटेत मोटारी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा नुसत्या उभ्या आहेत. एका चाळीत बिऱ्हाडे वाढली म्हणून कोणी जिन्याच्या पायऱ्यांवर ट्रंका रचायला लागला तर जिना किती रुंद आहे याला अर्थ उरत नाही. तसेच हे होते. दुतर्फा मोटारी उभ्या राहिल्या की चालत्या मोटारींना रुळांवर येण्यावाचून गत्यंतर नसे, आणि रुळांवरची ट्रॅम बाजूला होऊ शकत नसे.

यावर नगरपरिषदेने उपाय केला तो त्या काळाच्या मानाने कठोर होता. १० एप्रिल १९२० पासून मध्यभागात सकाळी अकरापासून संध्याकाळी सव्वासहापर्यंत मोटार उभी करून ठेवण्यास बंदी झाली. माणसे किंवा माल चढवण्या-उतरवण्यापुरते थांबता येई, तेवढेच.

त्यानंतर जे घडले ते दोन परस्परविरोधी बाजूंच्या कागदांत सापडते, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. ट्रॅम कंपन्यांच्या बाजूने नोंद अशी की गाड्या वेळेवर धावू लागल्या. व्यापाऱ्यांच्या बाजूने तक्रार अशी की गिऱ्हाईक घटले, विक्री पडली. म्हणजे बंदी अयशस्वी झाली असे कोणीच म्हणत नव्हते. रस्ता मोकळा झाला हे दोघांनाही मान्य होते, आणि नेमकी तीच व्यापाऱ्यांची तक्रार होती. मोटारीने येणारे गिऱ्हाईक ट्रॅममध्ये बसून येण्याऐवजी येईनासे झाले. मोटारवाल्यांनी निषेधाची मिरवणूक काढली आणि मूकपटांतली त्या वेळची प्रसिद्ध तारका क्लारा किंबल यंग तिच्या अग्रभागी होती. आधी बंदीची पाठराखण करणाऱ्या वर्तमानपत्रांचा सूरही बदलला.

एप्रिल सरण्याआधीच नगरपरिषदेने नियम सैल केला. दिवसभराची बंदी उठली आणि ती संध्याकाळी चार ते सव्वासहा एवढ्याच वेळेपुरती राहिली. इतर वेळी ठराविक मिनिटांपुरती मोटार उभी करण्याची मुभा मिळाली.

या सुधारित नियमातूनही एक गोष्ट कळते. संध्याकाळचे हे सव्वादोन तास राखून ठेवले, याचा अर्थ कोंडी दिवसभर सारखी नव्हती आणि ती केव्हा शिगेला पोचते हे १९२० सालीच सर्वांना ठाऊक होते. सकाळी लोक वेगवेगळ्या वेळी येतात; कचेरीवाला आधी, दुकानदार मग, खरेदीला निघालेल्या बाया त्यानंतर. संध्याकाळी मात्र सगळे एकदम घरी निघतात. हा ताण ट्रॅमवर पडे तसाच रस्त्यावर. पुढच्या सर्वेक्षणांतही संध्याकाळचे हे शिखर दिसते. इथे ते कायद्याच्या भाषेत उमटले.

रस्ता कमी, की रस्त्याची वाटणी चुकीची?

बंदी सैल झाल्यावर पेच कायम राहिला. १९२२ साली व्यापारी, मोटारवाले आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी यांनी मिळून ट्रॅफिक कमिशन उभे केले. ते सरकारी खाते नव्हते, पण त्याचा शब्द वजनदार होता. या कमिशनने देशातले तीन नामांकित नियोजक बोलावले: फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे), हार्लंड बार्थोलोम्यू आणि चार्ल्स चेनी. १९२४ साली त्यांचा ‘मेजर ट्रॅफिक स्ट्रीट प्लॅन’ प्रसिद्ध झाला.

या आराखड्याचे निदान वाचण्याजोगे आहे. व्यापारी मध्यभागाच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम एक पंचमांश भाग रस्त्यांखाली आहे, असे त्यांनी मोजून दाखवले. वॉशिंग्टनसारख्या आखीव शहरात हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. दुसरे कारण त्याहून जुने होते. जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने रस्ते आखले. त्यामुळे एकाचा रस्ता शेजारच्या वसाहतीत शिरताना वाकडा होई, अरुंद होई किंवा तिथेच बंद पडे. सलग जाणारे रस्ते थोडे असल्याने सगळी वाहने त्याच थोड्या रस्त्यांवर येऊन पडत. तिसरे निदान असे की ट्रॅम, मोटार, ट्रक आणि पायी माणूस हे सगळे एकाच पट्ट्यात मिसळले आहेत, म्हणून सगळ्यांचाच वेग घटतो.

तिन्ही निदाने योग्य होती. उपाय मात्र पहिल्या दोन निदानांवर अधिक झाले. रस्ते रुंद करा, वाकडे सरळ करा, तुटलेले जोडा. नोव्हेंबर १९२४ मध्ये मतदारांनी आराखडा मान्य केला आणि त्यासाठी ५० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांनाही मंजुरी दिली. पुढच्या काही वर्षांत रस्ते खरोखर रुंद झाले, नदीवर नवे पूल उभे राहिले. तिसरे निदान, म्हणजे ट्रॅमला स्वतःची वाट देण्याचे काम, मागे राहिले.

याच सुमारास मिलर मॅक्लिंटॉक हा हार्वर्डमध्ये शिकलेला तरुण अभ्यासक ट्रॅफिक कमिशनच्या कामाला लागला. त्याने लिहिलेला नियम जानेवारी १९२५ मध्ये अमलात आला. पादचाऱ्याने चौकात, आखलेल्या पट्ट्यातून आणि सिग्नल मिळाल्यावरच रस्ता ओलांडावा, ही आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट या नियमाने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर लागू झाली. तोवर रस्ता कुठूनही ओलांडण्याचा हक्क पायी माणसाकडे होता. हा नियम पुढे देशभरच्या शहरांना नमुना म्हणून उपयोगी पडला. रस्त्याच्या वाटणीत कोणाचे किती, हे असे एकेका कलमाने ठरत होते.

वर्तुळ आखून केलेली मोजणी

१९२४ सालापासूनच्या मोजण्या हे या दफ्तरातले सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. पद्धत सोपी होती. मध्यभागाभोवती नकाशावर एक काल्पनिक रेषा आखायची. ती जिथे जिथे रस्त्याला छेदते तिथे मोजणारे उभे करायचे आणि आत काय येते ते टिपायचे: किती मोटारी, त्यांत किती माणसे, ट्रॅममधून किती, बसमधून किती.

१९२४ साली मध्यभागात शिरणाऱ्या माणसांपैकी ४८ टक्के मोटारीने आली. १९३१ साली हे प्रमाण ६२ टक्के झाले.

या दोन आकड्यांचे वजन नीट तोलले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे १९२४ साली ४८ टक्के हा आकडा अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या मानाने फार मोठा होता. ट्रॅमचे जाळे अजून शाबूत होते. लाल गाड्यांचे रूळ हजार मैलांहून अधिक होते. कोणी काही विकत घेऊन मोडलेले नव्हते, आणि तरीही जवळपास निम्मी माणसे मोटारीने येत होती. बखरीचा पाया इथेच खचतो.

दुसरी गोष्ट मोजणीच्या मर्यादेची. रेषा ओलांडून आत आलेला प्रत्येक माणूस मध्यभागातच थांबला असे या मोजणीवरून म्हणता येत नाही. ग्लेनडेलहून निघून दक्षिणेकडे जाणारा माणूसही मध्यभागातून गेला, कारण सलग रस्ते तिथूनच जात होते, आणि तोही ‘आत आलेला’ म्हणून मोजला गेला. मध्यभागाच्या कोंडीत मध्यभागाशी काडीचा संबंध नसलेल्यांचा वाटा किती, याचे उत्तर रेषेवर उभ्या असलेल्या मोजणाऱ्याकडे असू शकत नव्हते. त्यासाठी कुठून निघाला आणि कुठे चालला हे विचारणारी निराळी पाहणी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही मोजणी माणसांची होती, पण तिच्या आधारे झालेली आखणी वाहनांची होती. ५२ टक्के माणसे १९२४ साली ट्रॅमने किंवा अन्य मार्गाने येत होती. एका भरलेल्या ट्रॅममध्ये पन्नास-साठ माणसे मावत आणि तेवढ्या माणसांना मोटारींनी यायचे तर रस्त्याचा कितीतरी लांब पट्टा लागे. इतकी माणसे ज्या वाहनाने येत त्याच्या वाट्याला रस्त्याचा एक लहान तुकडा होता, आणि तोही त्याचा स्वतःचा नव्हता. आकडा समोर होता. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र कोणी आराखड्याच्या मुळाशी ठेवला नाही.

१९२५ आणि १९२६ : हातातून गेलेली संधी

निष्कर्ष कोणीच काढला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहर आणि काउंटी या दोघांनी मिळून शिकागोच्या केल्कर, डी ल्यू आणि कंपनी या अभियंत्यांना काम दिले होते. १९२५ साली त्यांचा जलद वाहतुकीचा अहवाल आला. ट्रॅमला रस्त्यावरून उचला, काही ठिकाणी भुयारातून आणि काही ठिकाणी उन्नत मार्गावरून न्या, असा त्याचा मथितार्थ. खर्चाचा अंदाज १३ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात होता. रस्त्यांच्या आराखड्यासाठी मतदारांनी मंजूर केलेल्या रकमेच्या सव्वीस पटींहून जास्त.

त्याच वर्षी याचा एक लहानसा नमुना प्रत्यक्षात आला. पॅसिफिक इलेक्ट्रिकने हिल स्ट्रीटवरच्या आपल्या नव्या टर्मिनलपासून बंकर हिलखालून सुमारे एक मैलाचा बोगदा काढला आणि डिसेंबर १९२५ मध्ये तो खुला झाला. हॉलिवूड आणि ग्लेनडेलकडच्या लाल गाड्या त्यातून धावू लागल्या आणि एका फेरीत पंधराएक मिनिटे वाचू लागली. एवढ्या लहान बोगद्याने एवढा वेळ वाचावा, यावरून वरच्या रस्त्यांवर किती वेळ वाया जात होता त्याचे माप मिळते. मोजणीच्या अहवालांत नसलेली गोष्ट या वेळापत्रकातून हाती लागते.

मग हा मार्ग पुढे का गेला नाही? उत्तर १९२६ च्या कागदांत आहे. सिटी क्लब या नागरिकांच्या संस्थेने जलद वाहतुकीवर अहवाल केला. त्यातला बहुमताचा विचार असा होता की भुयारी आणि उन्नत गाड्या माणसांना मध्यभागातच अधिक दाटी करायला लावतील. त्यापेक्षा ठिकठिकाणी लहान केंद्रे वाढू द्यावीत, म्हणजे सगळ्यांना एकाच जागी यावे लागणार नाही. हा विचार खुळचट नव्हता. न्यूयॉर्क आणि शिकागोची गर्दी पाहून आलेल्या माणसांनी मोकळ्या शहराचे स्वप्न पाहिले होते.

दुसरीकडे रेल्वे कंपन्या आणि शहर यांच्यात स्थानकावरून वाद पेटला होता. शहराला सर्व कंपन्यांचे एकच मोठे स्थानक हवे होते. कंपन्यांनी त्याला तोड म्हणून लाल गाड्यांसाठी उन्नत मार्गांची योजना पुढे केली. ३० एप्रिल १९२६ रोजी मतदान झाले. एकत्रित स्थानकाला कौल मिळाला, प्लाझा या चौकाजवळची जागाही थोडक्या मतांनी मान्य झाली आणि उन्नत मार्गांची योजना मागे पडली. प्रचारात उन्नत मार्गांची कुरूपता, आवाज आणि सावली यांची बरीच चर्चा झाली. ज्या स्थानकासाठी हे सारे झाले ते युनियन स्टेशन मे १९३९ मध्ये, तेरा वर्षांनी उघडले.

ट्रॅमला स्वतःची वाट देण्याचा प्रश्न अशा रीतीने दुसऱ्याच एका प्रश्नाच्या मतदानात वाहून गेला. हा निर्णय कोणा कंपनीने चोरून घेतलेला नाही. तो मतपेटीतून आला.

विखुरलेली गर्दी

सिटी क्लबचे भाकीत एका अर्थी खरे ठरले. मध्यभागात मोटार उभी करायला जागा मिळेना तसे दुकानदारच गिऱ्हाइकाच्या दिशेने सरकले. सप्टेंबर १९२९ मध्ये बुलॉक्स या मोठ्या दुकानाने मध्यभागाबाहेर विल्शायर बुलेव्हार्डवर नवी इमारत उघडली. तिचे मुख्य दार मागच्या बाजूला होते, मोटारी लावायच्या आवाराकडे. काउंटीतल्या किरकोळ विक्रीतला मध्यभागाचा वाटा १९२९ साली सुमारे ३० टक्के होता, तो १९३९ पर्यंत १७ टक्क्यांवर आला. ज्या व्यापाऱ्यांनी १९२० साली गिऱ्हाईक जाईल म्हणून पार्किंगबंदी उठवायला लावली, त्यांचे गिऱ्हाईक शेवटी गेलेच.

भाकिताचा दुसरा अर्धा भाग मात्र खोटा पडला. केंद्रे विखुरली तरी कोंडी संपली नाही. ती काउंटीभर पसरली. पूर्वी सगळे एका ठिकाणी येत तेव्हा ट्रॅमला भरपूर उतारू मिळत. आता प्रत्येकाची वाट निराळी झाली आणि निराळ्या वाटांवर धावणे ट्रॅमला परवडेना. १९३७ साली ऑटोमोबाइल क्लबच्या अभियंत्यांनी केलेल्या सर्वेक्षणाने हे मान्य केले की रस्ते रुंद करण्याचा उपाय थकला आहे. त्यांनी केवळ मोटारींसाठी, चौक नसलेल्या आणि कडेला दुकाने-घरे नसलेल्या रस्त्यांचे जाळे सुचवले. वाटा वेगळ्या करा हे १९२४ चे तिसरे निदान अखेर स्वीकारले गेले, पण वेगळी वाट मिळाली ती मोटारीला.

३० डिसेंबर १९४० रोजी पॅसाडीनाकडे जाणारा अरोयो सेको पार्कवे खुला झाला. दिवसाला २७ हजार मोटारी, ताशी ४५ मैल वेग, अशा हिशेबाने तो आखला होता. आज त्याच मार्गिकांवरून दिवसाला एक लाखाहून जास्त वाहने जातात. युद्धकाळात पेट्रोलचे रेशनिंग आले तेव्हा लोक पुन्हा ट्रॅमकडे वळले. हिल स्ट्रीटच्या बोगद्यातून १९४४ साली दिवसाला ६५ हजारांवर उतारू जात होते. युद्ध संपल्यावर ते पुन्हा मोटारीत बसले आणि १९ जून १९५५ रोजी बोगदा बंद झाला.

आता बखरीकडे वळू. जनरल मोटर्सचा हात असलेल्या नॅशनल सिटी लाइन्सने पिवळ्या गाड्यांची कंपनी ताब्यात घेतली ती १९४५ साली. तोवर पार्किंगबंदी उठून पंचवीस, उन्नत मार्ग फेटाळून एकोणीस आणि ६२ टक्क्यांची मोजणी होऊन चौदा वर्षे झाली होती. लाल गाड्या तर या कंपनीच्या कधीच नव्हत्या. १९४९ ची शिक्षा झाली ती बस, इंधन आणि सुटे भाग यांच्या विक्रीत मक्तेदारी करण्याच्या कटाबद्दल. वाहतूक सेवाच गिळंकृत करण्याच्या आरोपातून कंपन्या सुटल्या. शेवटची लाल गाडी १९६१ साली आणि शेवटची पिवळी ३१ मार्च १९६३ रोजी धावली, तेव्हा दोन्हींची मालकी सार्वजनिक संस्थेकडे होती. कंपन्या निर्दोष होत्या असे नाही. पण त्या आल्या तेव्हा ट्रॅम आधीच जायबंदी होती.

मुंबईपर्यंत

या दफ्तराचा एक धागा आपल्याकडे येतो. लॉस एंजेलिसमध्ये हात बसलेल्या मॅक्लिंटॉकने पुढे हार्वर्डमध्ये वाहतूक अभ्यासाचे केंद्र चालवले. १९३८ साली हे केंद्र येल विद्यापीठात गेले. तिथे विल्बर स्मिथ या अभियंत्याने बरीच वर्षे काम केले. त्याच्याच कंपनीने १९६२-६३ मध्ये मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करून बेटाच्या दोन्ही कडांनी मोटारींचे जलद मार्ग सुचवले. वरळी-वांद्रे सागरी सेतू आणि किनारी रस्ता यांची मुळे त्या अहवालात सापडतात. लॉस एंजेलिसची शेवटची ट्रॅम गेली त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ३१ मार्च १९६४ रोजी, मुंबईचीही शेवटची ट्रॅम धावली.

लॉस एंजेलिस काउंटीच्या कागदांवरून निवाडा असा होतो. कोंडीची कारणे १९२० ते १९२६ या काळातच कळली होती, मोजली गेली होती आणि छापून लोकांपुढे आली होती. उपाय एकदा करूनही पाहिला होता आणि तो लागू पडला होता. तो मागे घेतला व्यापाऱ्यांनी, वर्तमानपत्रांनी, नगरपरिषदेने आणि मतदारांनी, उघडपणे आणि आपापल्या तात्कालिक हितासाठी. अज्ञान किंवा कारस्थान यांच्यावर हा दोष ढकलता येत नाही.

आपल्या शहरांतही दर काही वर्षांनी वाहतुकीचे नवे सर्वेक्षण होते, त्यावर उड्डाणपूल आणि रुंदीकरणे ठरतात. असा अहवाल हाती आला तर वाचकाने दोन गोष्टी आधी पाहाव्यात: त्यात माणसे मोजली आहेत की वाहने, आणि मोजणीतून जे निघाले तेच शेवटच्या शिफारशीत उतरले आहे का. उत्तर समाधानकारक नसेल तर हरकती-सूचनांची मुदत संपण्याआधी ते लेखी विचारावे.